एका नावापासून महायुद्धापर्यंत: मुलांना युद्धकाळाचा इतिहास स्वतः शोधू देताना

पहिल्या वर्षी मी आठवीच्या बत्तीस मुलांना ‘दुसरं महायुद्ध’ या विषयावर प्रकल्प करून आणायला सांगितला. पंधरा दिवसांनी माझ्या टेबलावर हिटलरचे एकोणतीस फोटो होते आणि थर्माकोलचे तीन रणगाडे. मजकूर सगळ्यांचा सारखाच, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मुलांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना प्रश्न दिलाच नव्हता, नुसता मथळा दिला होता.

पुढची काही वर्षं वर्गातल्या मुलांबरोबर आणि मग घरच्या दोघांबरोबर हेच काम करत राहिले. त्यात जे जमलं आणि जे फसलं ते इथे लिहिते आहे. शिक्षक असाल, पालक असाल किंवा मुलांना घरीच शिकवत असाल, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसोबत हे करता येईल. मी महाराष्ट्र आणि दोन महायुद्धं एवढ्यापुरतंच बोलणार आहे. मुलांना वाटतं की ही युद्धं कुठेतरी बर्फात, गोऱ्या लोकांत झाली. पण पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांच्या वर माणसं गेली, दुसऱ्यात सैन्य २५ लाखांपर्यंत वाढलं, आणि त्यातली कितीतरी माणसं सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतली होती. एखाद्या घरात अजूनही ‘आमचे पणजोबा बसऱ्याला (म्हणजे इराकातल्या बसरा बंदरावर) गेले होते’ असं सहज म्हणतात. त्या वाक्याचा धागा पकडायचा.

हाताशी काय लागेल

• दोन वह्या. एक शोधाची रोजनिशी (कच्ची, खाडाखोडीची), दुसरी पक्की.
• पुराव्यासाठी जाड कागदाची कार्डं. यांच्याबद्दल पुढे सविस्तर आहे.
• स्वातंत्र्यापूर्वीच्या मुंबई इलाख्याचा, जिल्हे आणि संस्थानं दाखवणारा नकाशा. हा नसेल तर मुलं हमखास भलत्याच गावी पोहोचतात.
• कॅमेऱ्याचा फोन आणि एक साधी बॅटरी.
• शाळेचं किंवा तुमचं ओळखपत्र. ग्रामपंचायत, वाचनालय किंवा दप्तरखान्यात जायचं असेल तर मुलाचं नाव आणि विषय लिहिलेलं शाळेचं पत्रही.
• मुलाखत घेणार असाल तर संमतीचा साधा कागद: कोण विचारतंय, कशासाठी, नाव छापायचं की नाही.
• सात-आठ आठवडे. पंधरा दिवसांत फक्त थर्माकोल होतो.

पायरी १. प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

‘महायुद्धाची कारणे व परिणाम’ हा परीक्षेचा प्रश्न आहे, शोधाचा नव्हे. शोधाच्या प्रश्नात माणूस, जागा आणि तारीख यांतल्या निदान दोन गोष्टी हव्यात. माझ्याकडे चांगले चाललेले काही प्रश्न असे:

• गावातल्या संगमरवरी पाटीवर महायुद्धाची वर्षं १९१४ ते १९१९ अशी का आहेत? लढाई तर नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली.
• महारांची पलटण १९१७ मध्ये उभारली, १९२१ मध्ये मोडली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी केली. सरकारला मध्येच ही माणसं नकोशी का झाली?
• कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. ती पोलंडहून इथवर आली कोणत्या वाटेनं?
• सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पथकात डॉक्टर पाच होते, मग हेच मागे का राहिले?
• १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला. त्याची बातमी लोकांना कशी आणि केव्हा कळली?

प्रश्न मुलानं निवडायचा. तुम्ही चार समोर ठेवा आणि गप्प बसा. मुलानं पाचवाच काढला तर उत्तम.

सापळा: मुलं रणगाडे, विमानं, तोफा मागतात, विशेषतः मुलगे. नाही म्हणू नका. ‘हा रणगाडा कोणी चालवला? तो कुठला होता? आत गरम किती व्हायचं?’ असं विचारा. यंत्रातून ती आपसूक माणसापर्यंत येतात.

पायरी २. आधी एकदा स्वतः करून बघा

एक रविवार घ्या आणि मुलाच्या प्रश्नाचं काय सापडतं ते स्वतः शोधून पाहा. उत्तर सांगण्यासाठी नव्हे, तर पुढे भिंत आहे की दार, एवढं कळावं म्हणून. तुम्हाला तीन तासांत एकही पुरावा मिळाला नाही तर मुलाला आठ आठवड्यांत मिळणार नाही. मग प्रश्न थोडा सरकवा.

पायरी ३. घरातून आणि गावातून सुरुवात करा

संगणक शेवटी. आधी पेटी, माळा आणि चावडी.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीवर, देवळाजवळ किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत एक पांढरी पाटी असते. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, पैकी इतके मेले, एवढाच मजकूर. नावं नसतात, नुसते आकडे. पाटीवर रंगाचे थर असतील, समोर भारा किंवा मोटारसायकल उभी असेल. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल चोळू नका, दगड खराब होतो. सकाळी ऊन तिरपं असताना फोटो घ्या, नाहीतर बॅटरी बाजूनं धरा. अक्षरं आपोआप उठतात. हा प्रयोग मुलांना भलताच आवडतो.

घरातलं पदक मिळालं तर घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. लख्ख करण्याच्या नादात तीच झिजते. भिंगानं वाचा, जशीच्या तशी उतरवून घ्या, स्पेलिंग ‘दुरुस्त’ करू नका.

पेन्शनची पुस्तिका, डिस्चार्जचा कागद, फोटोच्या मागे लिहिलेल्या ओळी, सगळं चालेल. मोडीतले कागद निघाले तर मूळ कोणाच्या हाती देऊ नका. फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

पायरी ४. नाव शोधणं

या कामाचा गाभा हा, आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो. म्हणून जरा रेंगाळते.

दोन्ही महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था ठेवते. तिच्या संकेतस्थळावर नाव, पलटण, देश, वर्ष टाकून फुकट शोधता येतं. एका नोंदीत साधारणपणे हुद्दा, नंबर, मृत्यूची तारीख आणि स्मारकाचं किंवा दफनभूमीचं नाव असतं. नशीब असेल तर बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही मिळतो. शोधायला बसण्याआधी मुलांना पुढच्या गोष्टी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्याच दिवशी हिरमोड होणार नाही.

इथे फक्त मेलेले आहेत. जिवंत परतलेला पणजोबा या यादीत सापडणार नाही. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीतलेच मृत्यू धरले आहेत. घरी ‘ते लढाईत गेले’ असं सांगतात तेव्हा ‘गेले’ म्हणजे वारले की लढाईवर गेले, हे आधी विचारून घ्या. एका मुलानं तीन आठवडे एका मृत सैनिकाचा माग काढला. मग आजी म्हणाली, ‘अरे, ते तर माझ्या लग्नात जेवायला होते!’

स्पेलिंगवर विसंबू नका. गोऱ्या कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. पवारचे पोवार होतात, जाधवचे जाधाव. आडनाव कित्येकदा नसतंच, नुसतं ‘राम’ नाहीतर ‘गणू’. मराठा हा शब्दही तेव्हा मध्ये ‘ह’ घालून, ‘महरट्टा’ वाचावं असा लिहीत. मुलांकडून एका नावाची पाच-सहा इंग्रजी रूपं आधी कागदावर काढून घ्या आणि ती ओळीनं टाकून बघायला सांगा.

जिल्हे बदलले आहेत. माझी आवडती चूक ही. नोंदीत ‘कुलाबा’ दिसलं की मुलं ठासून सांगतात की शिपाई दक्षिण मुंबईचा होता. तो कुलाबा जिल्हा, १९८१ पासून रायगड. सिंधुदुर्गही १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, त्यामुळे मालवणचा माणूस ‘रत्नागिरी’ म्हणून नोंदलेला असतो. सांगली जिल्हा त्या काळी नव्हताच. आणि कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, औंध ही संस्थानं होती. तो जुना नकाशा इथे कामी येतो.

पलटणींचे नंबर बदलले आहेत. १९२२ च्या फेररचनेत जुन्या पलटणी एकत्र केल्या. पहिल्या युद्धातली ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. इटलीत १० जुलै १९४४ ला पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे. हे न कळल्यामुळे दोन वेगळ्या पलटणींवर दोन परिच्छेद लिहिलेले मी पाहिलेत.

हुद्द्यांचे अर्थ बदलले आहेत. पहिल्या युद्धातल्या नोंदीत ‘ड्रायव्हर’ आला की मोटार डोळ्यांसमोर आणू नका, तो बहुतेक खेचरांच्या गाडीवाला असतो. ‘फॉलोअर’ म्हणजे भिस्ती, मोची, आचारी, डोलीवाला, भंगी अशी बंदूक न धरणारी माणसं. मुलांना आधी हे कमी वाटतं. वाळवंटात पाणी कोण आणत होतं, असं विचारलं की वाटत नाही.

अजून एक. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात महायुद्धांतली नावं शोधू नका. तिथे स्वातंत्र्यानंतर हुतात्मा झालेल्यांची नावं आहेत. इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातली आणि तिसऱ्या अफगाण युद्धातली तेरा हजारांवर नावं आहेत, पण तीही त्या युद्धातल्या सगळ्या मृतांची नव्हेत.

पायरी ५. नाव सापडलं नाही तर?

मग खरा प्रकल्प सुरू होतो. मी हे समजूत काढायला म्हणत नाही.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन कूत या गावी वेढली गेली. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला तिनं शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांत मराठा पलटणींचे शिपाई होते. त्या मोहिमेतल्या, थडगं माहीत नसलेल्या मृतांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि बहुतेक हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच चौकशी अहवाल काढून मान्य केलं की आशिया-आफ्रिकेतल्या निदान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी आठवण राखलीच गेली नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो.

सातवीतल्या एका मुलीनं आपल्या प्रकल्पाला नाव दिलं होतं ‘न सापडलेला माणूस’. गावची पाटी म्हणते इतके मेले, यादीत त्या गावचे निम्मेही नाहीत. बाकीचे कुठे गेले, याच्या तिनं चार शक्यता लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ‘हे कसं तपासता येईल’ असा रकाना केला. उत्तर एकाचंही मिळालं नाही. त्या वर्षीचा सगळ्यात चांगला प्रकल्प तोच.

सापळा: नाव न सापडल्याची भीती वाटून मुलं (आणि मोठेही) संगणकाच्या चॅटबॉटला विचारतात. तो पलटण, तारीख, शौर्यकथा सगळं झोकात सांगतो आणि त्यातलं कितीतरी त्यानं रचलेलं असतं. नियम सरळ ठेवा: ज्याचा मूळ कागद, दगड किंवा नोंद दाखवता येत नाही ते पक्क्या वहीत जाणार नाही.

पायरी ६. बाहेर पडा

पुण्याजवळ असाल तर खडकीची युद्ध दफनभूमी बघा. दुसऱ्या महायुद्धातली दीड हजाराहून जास्त थडगी तिथे आहेत, पण त्यांतली बरीच मुळात तिथली नव्हेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेली, पुढे देखभाल होण्याची खात्री नसलेली थडगी तिथे आणून एकत्र केली. मुलांना वीस दगड वाटून द्या आणि वयं उतरवायला सांगा. एकोणीस, बावीस, वीस. बेरीज-सरासरी करताना वर्ग शांत होत जातो, मला काही बोलावं लागत नाही.

तिथे मुलं विचारतात, ‘आपली नावं का नाहीत?’ हिंदू शिपायांचं दहन होई, त्यामुळे थडगं नाही. त्यांची नावं स्मारकांवर आणि नोंदवह्यांत शोधायची. कोकणातले खलाशी हा तर वेगळाच अध्याय. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही युद्धांत समुद्रात गेलेल्यांचं स्मारक आहे.

रायगडातल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. साताऱ्याचं आपशिंगे गाव तर ‘मिलिटरी आपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. महायुद्धाची माहिती मिळेलच असं नाही, पण जिल्ह्यातल्या जुन्या सैनिक कुटुंबांची ओळख होते.

दप्तरखान्याचं काम मोठ्या माणसाचं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे कितीतरी कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. तिथे मुलाला सोबत घेऊन बसा, पण एकटं सोडू नका. फाइलींची नावं इंग्रजी आणि कंटाळवाणी असतात, दहा मिनिटांत उत्साह मावळतो. जुन्या वर्तमानपत्रांसाठी जिल्ह्याचं नगर वाचनालय गाठा. ग्रंथपाल चांगला भेटला तर निम्मं काम झालं समजा.

पायरी ७. माणसांशी बोलणं

ज्यांना १९४४ स्वतःच्या डोळ्यांनी आठवतं ती माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. कोणी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जा. नसतील तर त्यांच्या मुली-मुलांकडे ऐकीव आठवणी मिळतात. त्या ‘ऐकीव’ म्हणूनच नोंदवायच्या. मुलाखतीचा सराव करायचा असेल तर १९७१ चं ब्लॅकआउट घ्या. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आजी-आजोबा प्रत्येक घरात आहेत. खिडक्यांना लावलेले काळे कागद, भोंगा, अंधारात घरातले सगळे कुठे बसायचे, हे ते तासभर सांगतात.

मुलांना प्रश्न घोकायला लावू नका, पण दोन गोष्टी पक्क्या करा. ‘तुम्हाला कसं वाटलं?’ याला उत्तर मिळतं ‘वाईट वाटलं’. त्याऐवजी ‘भोंगा वाजला तेव्हा तुम्ही कुठे होतात? घरात कोण कोण होतं?’ असं विचारलं की चित्र उभं राहतं. दुसरी गोष्ट मी पहिल्यांदा सांगायला विसरले. आमच्यातल्या एकानं निवृत्त सुभेदार आजोबांना पहिलाच प्रश्न टाकला, ‘आजोबा, तुम्ही किती माणसं मारली?’ ते काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली, आणि मग शेतीबद्दल बोलू लागले. तो प्रश्न कोणालाही विचारायचा नसतो, हे आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्या. त्यांनी मध्येच ‘हे लिहू नको बाळ’ म्हटलं तर ते लिहायचं नाही, कच्च्या वहीतसुद्धा.

पायरी ८. पुराव्याचं कार्ड, आणि भांडणारे आकडे

मिळालेल्या प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड. त्यावर पाच ओळी:

१. काय म्हटलं आहे?
२. कोणी, केव्हा म्हटलं?
३. त्याला ते कसं कळलं? तिथे होता, ऐकलं, की वाचलं?
४. मला हे कुठे मिळालं?
५. माझी खात्री किती: पक्की, बरी, की शंका?

पहिल्या आठवड्यात मुलं वैतागतात. मग मुंबईच्या गोदीतला स्फोट घ्या आणि कार्डांचा उपयोग दाखवा. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. इथवर सगळ्या कार्डांचं एकमत.

एकूण माणसं किती मेली, इथे मात्र कार्डं भांडतात. कुठे आठशेच्या आसपास, कुठे तेराशे. मुलं लगेच विचारतात, ‘बाई, बरोबर कोणता?’ इथे जीभ चावून गप्प राहायचं. प्रत्येक आकडा कोणी मोजला? नुसते गोदीतले की आसपासच्या वस्तीतलेही? नंतर दवाखान्यात गेलेले धरले का? ज्यांचा मागमूसच राहिला नाही ते कोणाच्या यादीत? गावाकडून आलेला, नोंद नसलेला हमाल कोण मोजणार? आणि काळ युद्धाचा. सेन्सॉरमुळे इथल्या बातम्यांवर बंधनं होती, आणि जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी स्फोटाची बातमी दिली. शत्रूचा रेडिओ खरं बोलतो आणि आपल्याकडचा कागद गप्प बसतो, हे पाहिल्यावर माझ्या वर्गात पूर्ण तास वाद झाला. ‘सरकारी म्हणजे खरं’ आणि ‘शत्रूचं म्हणजे खोटं’ या दोन्ही समजुती एकाच दुपारी मोडल्या.

पत्रांनाही हीच चाळणी लावा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सहून घरी येणारी हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचत असे, आणि हे शिपायांनाही माहीत होतं. म्हणून काहीजण हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरी म्हणून कोणती संपत चालली आहे ते कळवत. शिवाय ती पत्रं आज मिळतात ती बहुतेक सेन्सॉरनं इंग्रजीत उतरवलेल्या तुकड्यांच्या रूपात. म्हणजे शिपाई बोलला, कदाचित दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं भाषांतर केलं, आणि आता तुम्ही मराठीत आणता आहात. कार्डावर या चारही पायऱ्या लिहायला लावा.

सिनेमा हा पुरावा नव्हे. डॉ. कोटणीसांवर सिनेमा निघाला होता आणि त्यातला प्रसंग प्रकल्पात ‘घटना’ म्हणून येतोच येतो.

पायरी ९. जड गोष्टी

मृत्यू टाळून युद्ध शिकवता येत नाही, पण सगळं एकदम समोर ओतायचंही नसतं. माझा अंदाज असा: दहा-अकरा वर्षांसाठी पत्रं, रेशन, निर्वासित मुलं. बारा-तेराला कैद, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, भरतीमागची जात आणि गरिबी. ज्यूंचा वंशसंहार आणि हिरोशिमा चौदाच्या पुढे, आणि तेही तुम्ही शेजारी असताना. मुलाला कधीही ‘बास’ म्हणता यायला हवं. चित्रांचा शोध मुलाला एकट्याला करू देऊ नका. दोन शब्द टाकले की प्रेतांचे ढीग समोर येतात.

घाडगे यांचं सन्मानपत्र लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात छापलं गेलं आहे. त्यात, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं शेवटच्या दोघांना मारलं, असं आहे. मुलं ते वाचताना टाळ्या वाजवतात. मी टाळ्या थांबवत नाही. नंतर एवढंच विचारते की ते दोघं कोण असतील. आणि मग हेही, की घाडगे तेव्हा फक्त बावीस वर्षांचे होते आणि त्यांचं थडगं नाही, इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर नाव आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न मुलं स्वतःच काढतात: ‘मग आपली बाजू कोणती?’ १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’ची घोषणा झाली. पुढच्या वर्षी साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याच जिल्ह्यातून इंग्रजांच्या सैन्यात भरती चालूच होती, आणि तिकडे पूर्वेला त्याच सैन्यातले कैद झालेले शिपाई आझाद हिंद सेनेत जात होते. एका घरातला एक भाऊ भूमिगत आणि दुसरा इटलीत, असं होणं अशक्य नव्हतं. याचं उत्तर मी देत नाही. पानावर दोन रकाने आखायला सांगते: त्या माणसाला तेव्हा काय माहीत होतं, आणि आपल्याला आज काय माहीत आहे. बहुतेक भांडण दुसऱ्या रकान्यातलं पहिल्यात टाकल्यामुळे होतं, असं एका नववीतल्या मुलानंच मला दाखवून दिलं.

पायरी १०. मांडणी

इथे फार वेळ घालवू नका. चार्ट, थर्माकोल, चकाकी यांना गुण नाहीत, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. एक पानी निष्कर्ष, कार्डांचा गठ्ठा आणि ‘मला काय सापडलं नाही’ हे पान, एवढं पुरे. मी निम्मे गुण कच्च्या वहीला देते. त्यामुळे घरच्यांनी करून दिलेला प्रकल्प लगेच ओळखू येतो. कच्च्या वहीत एकही खाडाखोड नसते.

मुलाखत दिलेल्या माणसाला प्रत नेऊन द्या, आणि ती देताना मुलानं स्वतः जायचं. पाटीच्या फोटोची आणि उतरवलेल्या मजकुराची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वाचनालयात द्या. पाट्या पडतात, रंगाखाली जातात, इमारतीबरोबर पाडल्या जातात. जिवंत माणसांचे पत्ते, फोन नंबर आणि घरातली भांडणं त्या प्रतीतून आधी काढून टाका.

आणि चूक सापडली तर दुरुस्तीची जागा ठेवा. आमच्या एका फायलीच्या पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं आहे: ‘पान ४ वर मी कुलाबा म्हणजे मुंबई असं लिहिलं आहे. ते चूक आहे. शिपाई माणगाव तालुक्यातले होते.’ खाली सही आणि तारीख. ती फाइल मी दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हातात देते.